ग्वाल्हेरचे रुग्णजहाज

इ. स. १९०० चा उन्हाळा ग्वाल्हेर संस्थानास फार कठीण गेला. संवत् १९५६ चा तो प्रसिद्ध दुष्काळ राजपुताना आणि गुजराथ होरपळून माळव्यात शिरला होता. माळव्याला दुष्काळ ठाऊक नाही, ही पिढ्यान् पिढ्यांची ख्याती. मारवाडातील माणसे गुरेढोरे घेऊन दरसाल आश्रयाला येत ती याच भूमीत. त्या वर्षी मात्र माळव्यातच चारा उरला नाही, आणि शिंदे सरकारचे उज्जैन, शाजापूर, मंदसौर हे परगणे खडी फोडण्याच्या आणि तलाव खणण्याच्या कामांवर जगू लागले. त्याच सुमारास अमेरिकेतील लोकांनी वर्गणी करून मक्याने भरलेले एक जहाज मुंबईस धाडले. परक्या मुलखातील अनोळखी माणसांनी पाठविलेले ते धान्य आपल्या बंदरावर उतरत असतानाच हिंदुस्थानातून दुसऱ्या एका परक्या मुलखाकडे साहाय्य निघण्याच्या तयारीत होते, आणि त्याचा खर्च ग्वाल्हेर दरबार उचलणार होता.

तो मुलूख म्हणजे चीन. श्रीमंत माधवराव शिंदे त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. १८८६ साली जयाजीराव निवर्तले तेव्हा ते लहान होते. राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली ती १८९४ साली. मोठा उत्साही, यंत्रांचा शौकीन, पहाटेपासून कागदपत्र पाहणारा आणि स्वतः आगगाडी हाकण्यात आनंद मानणारा असा हा राजा होता. त्याच्या अंगी लष्करी हौसही पुष्कळ होती. परंतु ती पुरवावी कशी, हा प्रश्न होता. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया देऊन इंग्रजांनी ग्वाल्हेरची फौज मोडली होती आणि पुढच्या वर्षीच्या तहाने तिच्या संख्येस मर्यादा घातली होती. ग्वाल्हेरचा किल्लाच शिंद्यांना परत मिळाला तो १८८६ साली, आणि तोही झाशी शहर देऊन. अशा दरबाराला साम्राज्याच्या युद्धात भाग घ्यावयाचा तर तोफा घेऊन जाण्याची सोय नव्हती. म्हणून ग्वाल्हेरने साम्राज्यसेवेसाठी जी दले उभारली त्यांत सामानवाहतुकीचे पथक विशेष नावाजले. खेचरे, तट्टे आणि गाड्या यांचे हे पथक १८९५ साली चित्रळच्या आणि १८९७ साली तिराहच्या मोहिमेत वाखाणले गेले. लढणाऱ्याच्या मागे उभे राहून त्याला अन्न, दारूगोळा आणि औषध पोहोचविणे हे काम ग्वाल्हेरच्या वाट्यास आले होते. रुग्णजहाजाची कल्पना या परंपरेतूनच निघाली.

चीनमध्ये काय चालले होते, हे पाहिल्यावाचून त्या जहाजाचा अर्थ उलगडत नाही. शांतुंग प्रांतात १८९८ साली पीत नदीने गावेच्या गावे बुडविली आणि पाठोपाठ अवर्षण आले. शेतात काम नाही, घरात दाणा नाही, अशा तरुणांचे तांडे आखाड्यांतून जमू लागले. मुठींची कवायत करणारे, मंत्राने अंगावर गोळी लागत नाही असे मानणारे हे लोक स्वतःला यीहोत्वान म्हणत. इंग्रजांनी त्यांना बॉक्सर, म्हणजे मुष्टियोद्धे, असे नाव दिले. त्यांचा राग अकारण नव्हता. जर्मनीने १८९७ च्या अखेरीस दोन मिशनऱ्यांच्या खुनाचे निमित्त करून किआवचौचे बंदर घशात घातले होते; रशियाने पोर्ट आर्थर घेतले, इंग्रजांनी वेईहाईवेई घेतले. कोर्टकज्ज्यात ख्रिस्ती झालेल्याची बाजू मिशनऱ्याने घ्यावी आणि मिशनऱ्याची बाजू त्याच्या देशाच्या वकिलाने घ्यावी, ही रीत गावोगाव सुरू झाली होती. परंतु रागाचे कारण खरे असले म्हणून त्याचा बळी ठरलेला माणूस अपराधी ठरत नाही. बॉक्सरांच्या हाती परदेशी माणसे सापडली ती थोडी. त्यांच्या तलवारीखाली सापडले ते बहुतेक त्यांचेच देशबांधव, ज्यांनी धर्म बदलला होता असे हजारो गरीब शेतकरी आणि त्यांची बायकामुले. घरावर खूण केली जाई, रात्री मशाली येत आणि सकाळी त्या घरात कोणी उरत नसे.

जून महिन्यात ही लाट पेकिंगमध्ये शिरली. जर्मन वकील फोन केटेलर यांचा २० जून रोजी भर रस्त्यात वध झाला आणि परदेशी वकिलातींस वेढा पडला. त्या आवारात सुमारे नऊशे परदेशी नागरिक व शिपाई होते, आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ तीन हजार चिनी ख्रिस्ती होते, ज्यांची नावे त्या वेळच्या युरोपीय वर्तमानपत्रांत फारशी आली नाहीत. शहराच्या दुसऱ्या भागात, उत्तरेकडील मोठ्या चर्चमध्ये, आणखी तीन हजारांवर माणसे मूठभर फ्रेंच आणि इटालियन खलाशांच्या भरवशावर अडकून पडली होती. हा वेढा पंचावन्न दिवस चालला. घोडी-खेचरे कापून खाल्ली गेली. चिनी ख्रिस्त्यांच्या वाट्यास तर झाडांची पाने आणि सालीही आल्या.

सुटकेसाठी आठ राष्ट्रांच्या फौजा निघाल्या. इंग्रजांची बहुतेक फौज त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढण्यात गुंतलेली होती. म्हणून इंग्लंडच्या नावाने चीनमध्ये उतरली ती मुख्यतः हिंदी फौजच होती. तिचे सेनापती सर आल्फ्रेड गॅसेली. सातवी राजपूत पलटण, पहिली शीख, चोविसावी पंजाबी पलटण आणि बंगालचे घोडदळ ही त्यांतली प्रमुख. ४ ऑगस्ट रोजी तिएन्त्सिनहून सुमारे वीस हजारांचे संयुक्त सैन्य निघाले. त्यांतले निम्मे जपानी होते. मक्याची उंच शेते, वारा नाही, नद्यांचे पाणी प्रेतांनी नासलेले. या वाटेवर उन्हाने आडवे केलेले शिपाई गोळीने आडवे केलेल्यांपेक्षा कमी नव्हते. १४ ऑगस्टला शहराच्या तटाखालून गटाराचे पाणी जाण्याची जी वाट होती तिच्यातून हिंदी शिपाई वकिलातींच्या आवारात प्रथम पोहोचले. लंडनच्या चित्रकारांनी त्या प्रसंगाची पुष्कळ चित्रे काढली.

याच मोहिमेसाठी माधवरावांनी एक रुग्णजहाज स्वखर्चाने सज्ज करून दिले आणि त्याला ‘ग्वाल्हेर’ हे नाव मिळाले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गॅसेली यांच्या तैनातीतील अधिकारी म्हणून ते स्वतः चीनला गेले. काळे पाणी ओलांडण्यास बहुतेक संस्थानिकांची घरे अजून कचरत होती, अशा काळात समुद्राच्या पलीकडे युद्धभूमीवर जाणारा मराठा राजा ही गोष्ट साधी नव्हती. बिकानेरचे महाराजा गंगासिंह आपले उंटदळ घेऊन आणि सर प्रतापसिंह जोधपूरचे भालाईत घेऊन आले होते. शिंद्यांनी मात्र खाटा, मलमपट्ट्या आणि औषधे आणली होती.

रुग्णजहाज म्हणजे नेमके काय, हे आज समजावून सांगावे लागते. त्या काळी चीनच्या उत्तर किनाऱ्यावर पाय टेकणेच अवघड होते. पैहो नदीच्या मुखापुढे गाळाचा असा उथळ पट्टा आहे की मोठी जहाजे कित्येक मैल अलीकडे, उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत. पेकिंगच्या वाटेवर पडलेला शिपाई प्रथम डोलीत, मग नदीतल्या होडीत, मग लहान आगबोटीत आणि शेवटी दोरखंडाच्या झोळीतून जहाजावर, असा प्रवास करीत असे. जखमीला वाटेत मारण्यास हा प्रवासच पुरेसा होता. म्हणून किनाऱ्याजवळ तरंगते इस्पितळ असणे, जेथे पाण्याचा गोडा साठा आहे, शस्त्रक्रियेची खोली आहे, जिथे हगवणीच्या आणि तापाच्या रोग्याला स्वच्छ खाट मिळते, ही चैन नव्हती. हिंदी शिपायाच्या बाबतीत तर अन्नपाण्याचा विटाळ, निराळी चूल, निराळे पाणी हेही प्रश्न होते. ते ओळखणारा यजमान हिंदी असणे याला मोल होते.

पण रुग्णजहाजाला एक कायदाही होता आणि तो नुकताच झाला होता. १८९९ च्या जुलैत हेग येथे राष्ट्रांनी जो करार केला, त्याने जमिनीवरील युद्धासाठी असलेली जिनीव्हाची तत्त्वे समुद्रावर आणली. सरकारी रुग्णजहाज पांढरे रंगवावे आणि त्यावर हिरवा पट्टा ओढावा. खासगी माणसाने किंवा साहाय्यक संस्थेने दिलेल्या जहाजावर तांबडा पट्टा असावा. कोणत्याही पक्षाच्या जखमीला, आजाऱ्याला आणि बुडत्याला त्याने हात द्यावा. आणि त्याला कोणी पकडू नये. मात्र खासगी जहाजाने युद्ध करणाऱ्या सरकारचा परवाना घेतला पाहिजे, आणि त्याचे नाव त्या सरकारने शत्रूला कळविले पाहिजे. या कलमातला परवाना हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दया करावयाची तर कोणाच्या तरी झेंड्याखाली, कोणाच्या तरी शिक्क्याने करावी लागते; आणि तो शिक्का कोणाचा आहे यावरून ती दया कोठवर पोहोचेल हे बहुतांशी ठरून जाते.

‘ग्वाल्हेर’ला शिक्का होता तो इंग्रज सरकारचा. त्यामुळे त्याची सेवा मुख्यतः पोहोचली ती इंग्रजांच्या फौजेतील शिपायांपर्यंत. त्यात राजस्थानचा, पंजाबचा आणि अवधचा शेतकऱ्याचा मुलगा होता, हे विसरून चालणार नाही. घरी दुष्काळ, म्हणून पलटणीत नाव घातलेला हा मुलगा तापाने फणफणत असता त्याला ज्याने खाट दिली त्याचे पुण्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वेढ्यात अडकलेली ती चिनी ख्रिस्ती माणसे, ज्यांच्या रक्षणाचा एवढा गाजावाजा झाला होता, ती या तरंगत्या इस्पितळाच्या कक्षेबाहेरच होती. आणि त्यांच्याही पलीकडे होती ती गावे, ज्यांवरून फौजा गेल्या.

कारण सुटका झाली त्या दिवशी मोहीम संपली नाही. पेकिंग पुढे कित्येक दिवस लुटले गेले. वकिलातीच्या आवारातच लुटीचा लिलाव होई आणि आठ राष्ट्रांचे अधिकारी रेशमावर व पोर्सलीनवर बोली लावीत. ऑक्टोबरात खुद्द गॅसेली यांच्या नेतृत्वाखाली पावतिंगफू या शहरावर एक शिक्षेची मोहीम गेली. तेथे उन्हाळ्यात अमेरिकन आणि इंग्रज मिशनऱ्यांची मुलाबाळांसह हत्या झाली होती. त्याबद्दल चिनी अधिकाऱ्यांना देहान्त दिला गेला, देवळे आणि तटाचा भाग सुरुंगाने उडविण्यात आला. वाटेतल्या खेड्यांचा न्याय कोणी केला नाही. १९०१ च्या सप्टेंबरात झालेल्या तहाने चीनवर ४५ कोटी तैल चांदीचा दंड बसला आणि तो एकोणचाळीस वर्षांत फेडावयाचा ठरला. ज्या शेतकऱ्यांच्या उपासमारीतून बॉक्सर निघाले होते, त्यांच्याच नातवंडांनी तो दंड भरावा अशी ही व्यवस्था.

हे सारे पाहणारा एक हिंदी माणूस त्या फौजेतच होता. सातव्या राजपूत पलटणीतील ठाकूर गदाधरसिंह यांनी पुढे ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहून १९०२ साली प्रसिद्ध केले. उद्ध्वस्त गावे, नदीतून वाहणारी प्रेते, सभ्य म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या शिपायांनी केलेला अनाचार यांचे वर्णन त्यांनी केले आहे आणि चिनी माणसांविषयी शेजाऱ्याचा कळवळा दाखविला आहे. गदाधरसिंह राजनिष्ठ शिपाई होते, बंडखोर नव्हते. तरीही ज्याच्या घरावर आपण चालून आलो तो आपल्यासारखाच आशियाई शेतकरी आहे, ही जाणीव त्यांच्या लेखणीला झाली. माधवरावांनी असे काही लिहिलेले प्रसिद्ध नाही. त्यांच्या राजनिष्ठेत मात्र कधी खंड पडला नाही. पुढे मुलगा झाला तेव्हा त्यांनी सम्राटाच्या नावावरून त्याच्या जिवाजीराव या नावापुढे जॉर्ज हे नाव जोडले. मुलगी कमलाराजे हिच्या नावापुढे मेरी हे सम्राज्ञीचे नाव आधीच आले होते.

या बाबतीत त्यांना एकट्याला वेगळे काढणे न्यायाचे होणार नाही. त्याच १८९९-१९०० साली नाताळमध्ये मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टराने सुमारे अकराशे हिंदी लोकांचे डोलीपथक उभारून इंग्रजांच्या जखमींना वाहून नेले होते. साम्राज्याशी निष्ठा ठेवून आपण हक्कास पात्र ठरू, हाच विचार तेथेही होता. १९०६ साली झुलूंच्या तथाकथित बंडाच्या वेळी गांधींनी पुन्हा लहानसे पथक नेले. या खेपेस मात्र त्यांच्या वाट्यास आले ते फटक्यांनी पाठी फुटलेले झुलूच, कारण गोरे लोक त्यांच्या जखमा धुवायला तयार नव्हते. परवाना इंग्रजांचा, पण खाटेवर शत्रू म्हणून मारलेला माणूस. या सहा आठवड्यांनी गांधींच्या मनावर केलेला परिणाम त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. रुग्णसेवा करणाऱ्याला युद्धाची दुसरी बाजू दिसते ती अशी, आणि ज्याला ती दिसली तो पूर्वीसारखा राहत नाही.

ग्वाल्हेरचे दुसरे रुग्णजहाज पहिल्या महायुद्धातले. कॅनडाच्या पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे १८९१ पासून व्हँकूव्हर आणि हाँगकाँग यांच्यामध्ये फेऱ्या करणारे पांढरे, डौलदार जहाज १९१४ च्या अखेरीस विकत घेण्यात आले. माधवराव आणि भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ हे त्या कामी संस्थानिकांचे अग्रणी होते. जानेवारी १९१५ मध्ये त्याचे नाव बदलले आणि ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवले गेले. अशा जहाजांची गरज किती होती, ते मेसोपोटेमियाच्या मोहिमेने दाखविले. तेथून हिंदी आणि गोरे जखमी उघड्या पडावांवर रचून, दिवसचे दिवस घाणीत लोळत आणले गेले, आणि १९१७ साली चौकशी-मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटात हलकल्लोळ झाला.

युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’चे काय झाले ही कथा मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी आहे, पण ती व्यापाराची आहे, म्हणून येथे थोडक्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद, मुंबईचे नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ च्या मार्चमध्ये जी आगबोट कंपनी काढली तिने हे जहाज घेतले, आणि ग्वाल्हेरच्या घराण्यावरून कंपनीस ‘सिंदिया’ हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेस निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून आपण राष्ट्रीय नौकानयन दिन पाळतो. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पडला. ‘राजनिष्ठा’ बंदर सोडून गेली आणि पाठोपाठ देशाने राजनिष्ठाच सोडली, असे कोणी म्हटले तर तो शब्दांचा खेळ ठरेल. पण तारखा खऱ्या आहेत. १९२३ साली ते जहाज मोडीत निघाले. माधवराव १९२५ च्या जूनमध्ये पॅरिस येथे निवर्तले.

हिंदी वैद्यांचे दुसरे पथक चीनला गेले ते यानंतर तेरा वर्षांनी. परवाना मात्र या वेळी निराळा होता.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर पुरे आक्रमण सुरू केले. १९०० साली पेकिंगवर चालून गेलेल्या वीस हजारांतले निम्मे जपानी होते, हे येथे आठवते. चिनी सेनापती जू दे यांनी नोव्हेंबरात पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा हिंदुस्थान स्वतंत्र नव्हता. परराष्ट्राला मदत करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, तिजोरी नव्हती, जहाज नव्हते. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले, आणि १९३८ च्या जुलैत देशभर ‘चीन दिन’ पाळून निधी गोळा झाला. जमले ते सुमारे बावीस हजार रुपये. संस्थानिकांनी लढाईसाठी ओतलेल्या पैशापुढे ही रक्कम क्षुल्लक म्हणावी लागेल. त्यातून औषधे आणि एक रुग्णवाहिका घेतली गेली, आणि पाच डॉक्टर निवडले गेले.

त्या पाचांचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, ते नुकतेच स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून आले होते. उपप्रमुख नागपूरचे वयोवृद्ध डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. कलकत्त्याचे देवेश मुखर्जी आणि विजयकुमार बसू; यांपैकी बसूंना संधी मिळाली ती दुसऱ्या एका डॉक्टरला सरकारने पारपत्र नाकारले म्हणून. परवान्याचा प्रश्न येथेही सुटला नव्हता. सहानुभूती काँग्रेसची असली तरी पारपत्रावर सही इंग्रजांचीच लागत होती. आणि पाचवे, सर्वांत तरुणांपैकी एक, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालयाचे ते पदवीधर, वय अठ्ठावीसही पुरे नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. निरोपाला सरोजिनी नायडू होत्या.

कँटनला ते उतरले आणि महिन्याभरात ते शहर जपान्यांनी घेतले. हँकाऊला गेले, आठवड्यांत तेही पडले. पडत्या शहरांच्या पुढे पुढे पळणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्यातून, वाटेत जखमींना पाहत पाहत, ते चुंगकिंगला पोहोचले. तेथेच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची तार मिळाली. परत जाण्याची मोकळीक असूनही ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेतील येनानला पोहोचले. चोळकर आणि मुखर्जी यांची प्रकृती त्या थंडीत आणि त्या अन्नावर टिकेना. ते त्याच वर्षी परतले. अटल पुढच्या वर्षी आले. बसू आणि कोटणीस राहिले, आणि कोटणीस आणखी पुढे, शत्रूच्या फळीमागील शान्सी-चहार-होपे या सीमाप्रदेशात गेले.

त्या प्रदेशात इस्पितळ म्हणजे इमारत नव्हती. डोंगरातले एखादे देऊळ, शेतकऱ्याचे घर, भट्टीवर तापविलेली मातीची खाट. जपानी सैन्य आले की रोग्यांना पाठीवर घेऊन दुसऱ्या खोऱ्यात जावयाचे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून येथेच काम करता करता १९३९ च्या नोव्हेंबरात, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेचे विष अंगात भिनून, वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले. ते चिनी बोलू, वाचू, शिकवू लागले. खेड्यांतल्या मुलामुलींना शस्त्रक्रिया शिकवीत आणि त्यांच्यासाठी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहीत. १९४१ पासून जपानी सेनेने या भागात जे धोरण आरंभिले त्याला चिनी लोक ‘तीन सर्व’ म्हणत: सर्वांना मारा, सर्व जाळा, सर्व लुटा. गनिमी सैनिकाला आसरा देणारे खेडेच नाहीसे करावयाचे, म्हणजे सैनिक आपोआप उपाशी मरतो, असा तो हिशेब होता. येथे जखमी येत ते सैनिकच होते असे नाही. विहिरीवर पाणी भरणारी बाईही येत असे.

कोटणीस तटस्थ होते काय? नव्हते. १९४२ च्या जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. पण ‘ग्वाल्हेर’ जहाज तरी तटस्थ कोठे होते? फरक आहे तो बाजूंचा, आणि आणखी एका गोष्टीचा. जहाज समुद्रात उभे राहिले आणि मोहीम संपल्यावर परत फिरले. कोटणीस ज्यांच्या जखमा बांधीत होते त्यांच्याच घरात झोपत, त्यांचीच ज्वारी-बाजरी खात, आणि ते पळाले की त्यांच्याबरोबर पळत. त्यांना परवाना मिळाला होता तो पारपत्रावरच्या सहीने नव्हे, तर त्या खेड्यांनी त्यांना ठेवून घेतले म्हणून.

इतिहासाची वळणे अशी की हे पथक ज्यांनी पाठविले ते सुभाषबाबूच १९४३ साली जपानच्या साहाय्याने इंग्रजांशी लढण्यासाठी पूर्व आशियात आले. इंग्रजांच्या हातून देश सोडविण्याची निकड त्यांना जपानच्या पापांहून मोठी वाटली. तोपर्यंत कोटणीस जिवंत नव्हते, आणि त्यांना काय वाटले असते याचा तर्क करण्यात अर्थ नाही.

१९४१ साली कोटणिसांनी इस्पितळातील शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला होता. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले इन्हुआ. ‘इन्’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अतिश्रमाने आणि निकृष्ट अन्नाने कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. बसू १९४३ साली मायदेशी परतले; पाचांतला एक आला नाही. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी या जीवनावर चित्रपट काढला आणि कोटणीस हे नाव घरोघर पोहोचले. ग्वाल्हेरच्या जहाजावर कोणी चित्रपट काढला नाही.

कोटणीस निवर्तले ते तांग तालुक्यातील गगुंग नावाच्या खेड्यात. पुढे त्यांच्या अस्थी शिजियाझुआंगच्या हुतात्मा-दफनभूमीत नेण्यात आल्या, जेथे बेथ्यून यांचीही समाधी आहे. तांग तालुका आज पावतिंगच्या शासनाखाली येतो. हे तेच पावतिंगफू, ज्याच्या तटाला १९०० च्या ऑक्टोबरात गॅसेली यांच्या फौजेने सुरुंग लावला होता. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले तेथील शेतकरी १९४२ साली बावन्न वर्षांचे होते. फेट्यातले हिंदी शिपाई पाहिलेली ती पिढी अजून हयात होती, आणि त्या हिवाळ्यात त्याच मुलखातील लोकांनी सोलापूरच्या डॉक्टराची शवपेटी खांद्यावरून डोंगरउतारावर नेली.